त्या घरासमोरून, चपला घालून

चामोर्शीच्या बाजारात चिंचेखालच्या एकाच जागेवर त्या दिवशी दोघांचा दावा होता. मी फुटाण्यांची टोपली घेऊन आले होते. ते भाषण घेऊन.

"बाई, जरा सरकता का? इथी सभा आहे."

वर पाहिलं. खादीचा सदरा, खांद्यावर झोळी, आणि पायात कोऱ्या चपला... हलले की करकर वाजणाऱ्या.

"सभा उभ्यानं होते जी," मी म्हटलं. "फुटाणे बसूनच विका लागते. तुमीच सरका."

माझे बाबा, लटारूभाऊ, मागं कढईत वाळू तापवत होते. त्यांनी डोळे वटारले. पण तो माणूस हसला, आणि खरंच सरकला. शेजारच्या सोडलेल्या बैलगाडीवर चढला.

माणसं तोलायची मला खोड आहे. पत्रूजी हे त्यांचं नाव मागून कळलं, पण मी त्यांना तिथल्या तिथं तोललं : आवाज बारा आणे, माणूस चार आणे.

"मालगुजारी गेली, बापहो! गावावरची मालकी गेली!" ते बोलू लागले. "सरकारच्या कागदावरून गेली. तुमच्या पाठीतून गेली का? मालकाच्या घरासमोरून जाताना अजून चपला काढून हातात धरता. काऊन? रस्ता कोणाचा आहे?"

मग त्यांनी आपल्या मायची गोष्ट सांगितली. भर उन्हाळ्यात मालगुजाराच्या घरासमोर चपला हातात घेऊन ती माउली तापल्या धुळीतून चालली, आणि तळव्यांना फोड आले. इथं आवाज फाटला. उपरण्याचं टोक डोळ्यांना लागलं. बायाही रडल्या, माणसंही रडली.

आणि माझी टोपली भरलेलीच राहिली.

सभा पांगल्यावर मी त्यांना गाठलं. "तुमी लोकाले रडवता जी. रडणारा माणूस फुटाणे खात नाई."

"मंग काय करू म्हंता?"

"हसवा."

"भाषण माझं का तुमचं?"

"भाषण तुमचं. पण पोट माझं."

पुढच्या खेपेला गडचिरोलीच्या बाजारात ते आमच्याच शेजारी गाडी लावून उभे. बोलता बोलता थांबले, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मालकाची चप्पल बिचारी धुळीत चालते. तुमची मात्र कडेवर बसून जाते. एवढे लाड तर तुमी आपल्या पोराचे नाई केले!"

बाजार खदखदून हसला. हसता हसता लोकांनी फुटाण्यांसाठी हात पुढं केले. गाडीवरून एक नजर माझ्यापर्यंत आली... मी घाईनं टोपली हलवायला घेतली.

त्यानंतर आमचं तेच चालू झालं. बाजार बदलायचा, चिंचेचं झाड बदलून आंब्याचं व्हायचं, पण गाडी आणि टोपली शेजारी. मी म्हणायची, "आज मायच्या गोष्टीले लवकर आले तुमी." ते म्हणायचे, "समोर कोणी जांभई देऊन राह्यलं होतं." जांभई मीच दिलेली असायची. तेवढ्यासाठी तर द्यायची!

पण खरं सांगू? बदल दुसरीकडंच झाला. एका संध्याकाळी परतताना आमच्या गावच्या मालकाचं घर आलं. बाबा वाकले. हात चपलेपर्यंत गेला... आणि त्यांनी काटा काढल्यासारखं केलं, सरळ झाले नि चालू लागले. मोठ्यानं खोकत, वाघ मागं लागल्यासारखे भरभर. पण चपला पायातच! घरी पोचल्यावर मायला म्हणाले, "पाणी आण व, घसा वाळला." पाणी पिताना चेहरा नवरदेवासारखा फुलला होता.

एकदा मी थंड वाळू पसरून ठेवली होती. त्यात माझं पाऊल उमटलं. पाहते तर पत्रूजी खाली बसून त्यावर काडी धरताहेत.

"काय करून राह्यले जी?"

"काई नाई..." त्यांनी काडी बरोबर मापाची मोडली आणि झोळीत टाकली. "तुमच्या पायात काई दिसत नाई."

"बाया कुठी घालते चपला?"

"घालत नाई, म्हणूनच."

कान लाल झाले त्यांचे. माझे झाले की नाही, ते मी कशाला सांगू?

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. पत्रूजी सगळे बाजार फिरले, पण आपल्या गावात कधी बोलले नाहीत. पळस फुलले तेव्हा मी बाबांच्या मागं लागले, आणि आम्ही त्यांच्या गावच्या बाजाराला निघालो.

गावात शिरताच मालगुजाराचं घर होतं. ओसरीवर म्हातारा मालक चिलीम ओढत बसला होता. आणि समोरून पत्रूजी आले. घर जवळ येताच ते वाकले, चपला काढल्या, काखेत मारल्या. मान खाली घालून घर ओलांडलं आणि कोपऱ्यावर येऊन पुन्हा पायात घातल्या.

मान वर केली तर समोर मी.

"हसा," ते म्हणाले.

"हसू नाई येत जी. हेच ना ते घर? तुमची माय जिथी भाजली?"

"हेच." आवाज बारा आण्यांचा राहिला नव्हता. "बाप इथल्याच गोठ्यात राबला, मीबी राबलो. दुसऱ्या गावात मी वाघ. इथी आलो का हात आपोआप खाली जाते... मी खोटा माणूस आहे, रंभाबाई. आजपासून भाषण बंद."

"वा जी! त्या भाषणानं माझा बाप चपला घालून चालला. आता त्याले काय सांगू? काढा म्हणून?"

बाबा मागंच उभे होते. त्यांनी चटकन आपल्या पायांकडं पाहिलं.

पत्रूजींनी झोळीतून चपलांचा जोड काढून माझ्यापुढं ठेवला. नवं कातडं, लाल गोंडे. "तुमच्या मापाच्या आहेत. घ्या. मी जातो."

"इथी नाई घालणार. त्या घरासमोर घालीन. संग याचं असन तर या."

"लोक काय म्हणतील? लटारूभाऊची पोरगी माझ्यासंग—"

"म्हणू द्या. मंग त्या म्हणण्याचं काय कराचं, ते तुमी पाहा."

त्यांनी झोळी खांद्यावर सारखी केली.

आम्ही मागं फिरलो. मागून बाबा, मोठ्यानं खोकत. ओसरीसमोर मी चपला घातल्या. जन्मात पहिल्यांदा! पाऊल टाकलं आणि अंगठ्याजवळ कातडं चावलं. शेजारी करकर... करकर... आणि मग त्यांचा हात खाली जाऊ लागला. मी तो धरला. भर रस्त्यात.

मालकानं चिलीम बाजूला केली. "कोण रे? पत्रू?"

"हो जी... पत्रू."

"अन् ही कोण?"

बाजारचे बाजार गाजवणारा माणूस आपल्या चपलांकडं पाहू लागला. मी हळूच म्हटलं, "बोला जी. आज गाडी नाई, उभ्यानंच बोला."

त्यांनी श्वास घेतला. मान वर केली. "ही रंभा. माझी होणारी बायको..." आणि माझ्याकडं वळून, अगदी बारीक आवाजात, "...ती हो म्हणन तर."

बाबांचं खोकणं एकदम थांबलं.

म्हाताऱ्यानं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. नजर माझ्या पायांवर येऊन थांबली. मी लंगडत होते.

"चप्पल चावून राह्यली वाटते पोरीले."

"चावते जी," मी म्हटलं, आणि पत्रूजींचा हात घट्ट धरला. "पण काढत नाई."

त्या दिवशी बाजारात भाषण झालं नाही. आणि फुटाणे? ते बाबांनी सगळे फुकट वाटले.