बुजवलेली फट

आकाशातून फोटो काढण्याचे किती मार्ग आहेत, हे फोटो स्टुडिओवाल्या आलोकने चन्नबसप्पा शेठना नीट समजावून सांगितलं होतं. हेलिकॉप्टर पुढाऱ्यांसाठी असतं. क्रेनवर चढणारा फोटोग्राफर लातुरात अजून जन्मायचा आहे. पाण्याची टाकी ही शेठची स्वतःची सूचना, कारण ती फुकट. पण टाकी जागेपासून मैलभर लांब. उरला ड्रोन.

"मग ड्रोनच म्हणा की," शेठ म्हणाले, "इतकं फिरवून कशाला सांगून राहिलात?"

शेठची लातूरला डाळमिल. पण हल्ली डाळीपेक्षा माळ जास्त खपतो, हे त्यांना कुणीतरी पटवलं होतं. जळकोटच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, त्यांनी एक माळ घेतला, चुन्याने प्लॉट आखले आणि भोवती सिमेंटच्या तयार फळ्यांची, डोक्याच्या वर जाणारी भिंत उभी केली. एका जागी गेटपुरती फट ठेवली. गेट उदगीरला बनत होतं. बरेच महिने बनतच होतं.

ड्रोनवाला बालाजी नांदेडहून एसटीने जळकोटला आला आणि तिथून आलोकच्या गाडीत बसला. गाडी भिंतीबाहेर बाभळीखाली लावली, तिथूनच ड्रोन उडवला आणि रिमोट घेऊन दोघे फटीतून चालत आत गेले. आलोकला घाई होती. आदल्या दिवशी त्याला उशीर झाला होता आणि क्लासचं शटर पडल्यावर त्याची मुलगी उर्वी पायरीवर एकटीच बसून राहिली होती. आज वेळेवर येतो, असा त्याने तिला शब्द दिला होता.

पहिला फोटो गेला आणि शेठचा फोन आला.

"झकास हाय. पण ती फट दिसून राहिली ना. गिऱ्हाईक म्हणंल, काम अर्धवट हाय. बुजवा तेवढी."

"स्टुडिओत गेल्यावर करतो, शेठ."

"आत्ताच करा. पाव्हणे समोर बसलेत."

धंद्यात हे रोजचंच. आलोकने आजवर फोटोंतून विजेचे खांब, उकिरडे, शेजाऱ्याची म्हैस आणि एका लग्नातला रुसलेला मामा काढून टाकला होता. त्याने मोबाईलवर बोट फिरवलं. फळीला फळी जुळली. शेठचा अंगठा आला.

"चल बालाजी, आटोपलं."

दोघे वळले. फट नव्हती.

आधी आपण कोपरा चुकलो असं वाटलं. भिंतीला हात लावत त्यांनी पूर्ण फेरी मारली आणि आपल्याच पावलांच्या ठशांवर परत आले. जिथून ठसे आत येत होते तिथेही फळ्याच होत्या. सांध्यात कोळ्याचं जाळं होतं, धुळीने जड झालेलं.

आलोकने फोन लावला. "शेठ, फट कुणी बंद केली?"

"तुम्हीच की! लई बेस केलीत. पाव्हणे खूश हायत."

बालाजी आलोकच्या खांद्यावर चढला. आलोकने खालून विचारलं,

"पलीकडे काय आहे?"

"प्लॉट हायत, सर."

"ते इकडे. पलीकडे बघ. रस्ता, गाडी?"

"न्हाई. प्लॉटच. चुन्याच्या रेघा. मंग आणिक भिंत." बालाजीने मान आणखी वर काढली. "त्या भिंतीपाशी एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर उभाय, सर. आपल्याकडं पाठ करून. पल्याड बघून राहिलाय."

तो उतरला. पुन्हा चढ, असं आलोक म्हणाला नाही.

ड्रोन अजून वर गुणगुणत होता. रिमोटच्या पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. तुरीचं रान, रस्ता, एकच भिंत. भिंतीच्या आत मात्र कुणीही नव्हतं.

आलोकने हात हलवला. पडद्यावर काहीच हललं नाही.

बॅटरी उतरली. अशा वेळी ड्रोन जिथून उडाला तिथे आपोआप परततो. भिंत ओलांडून तो बाभळीकडे निघाला आणि हळूहळू खाली येऊ लागला.

बाभळीखाली गाडी होती. गाडीशेजारी दोन माणसं होती.

एकाच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडत होतं. आलोकने ते वरून कधी पाहिलं नव्हतं. शर्ट मात्र ओळखला. तोच आत्ता त्याच्या स्वतःच्या अंगावर होता.

त्या माणसाने वर पाहिलं, हात पुढे केला, आणि पडदा काळा झाला.

भिंतीपलीकडे गाडी सुरू झाली. आलोकने खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

"सर, वरडा ना!" बालाजी म्हणाला. दोघे घसा बसेपर्यंत ओरडले. गाडीचा आवाज लातूरच्या दिशेने कमी कमी होत गेला.

आलोक उर्वीला फोन लावत राहिला. क्लासमध्ये मुलांचे फोन जमा करून घेतात. बंद. पुन्हा बंद. शेवटी त्याने लिहिलं, 'कुणाच्याही गाडीत बसू नकोस. माझ्यासुद्धा.'

उन्हं उतरली. भिंतीची सावली प्लॉट ओलांडत त्यांच्या पायापर्यंत आली. क्लास सुटायची वेळ झाली, टळली.

मग मोबाईल उजळला. उर्वीचा मेसेज होता, पुढे एक हसरा चेहरा.

'पप्पा, शेजारी बसून मेसेज काय करताय?'