जवसाचं तेल

आमच्या वाळवंटातल्या लँकेस्टरला जुन्या गाडीचा गंज खरवडला तर लोक तुमच्याशी बोलणं टाकतात. एकोणतीस सालच्या रोडस्टरचे, म्हणजे बिनछपराच्या दोन सीटच्या गाडीचे, मडगार्ड फेका, मोठं इंजिन कोंबा, तळ कापून बॉडी चासीच्या सांगाड्यावर आणखी खाली बसवा, कुणाची हरकत नसते. पण उन्हाने भाजून उरलेला रंग मात्र तसाच राहिला पाहिजे. त्यावर जवसाचं तेल चोळायचं, म्हणजे गंज जिथल्या तिथे थांबतो म्हणे. माझा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. पत्रा आधी स्वच्छ करावा, मग त्याला हात लावावा, एवढं साधं माझं म्हणणं. धाकटा भाऊ रॉइस ते कधी ऐकायचा नाही.

त्याने असाच एक रोडस्टर बेकर्सफील्डकडच्या एका बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमधून ओढून आणला. आत विष्ठेचे थर, सीटमध्ये उंदरांची घरटी, आणि या सगळ्याच्या खालून येणारा खवट चरबीचा वास. मी नाक धरलं तर म्हणतो, "म्हातारी आहे रे, वास येणारच. तुझ्या सासूला येत नाही का?"

सीटसुद्धा बदलायची नाही. धुवायची तेवढी.

तेल तो तळहाताने चोळायचा. फडक्याने मुरत नाही, असं त्याचं खूळ. रोज कामावरून आला की शर्ट काढून तासन् तास चोळत बसायचा. डबेच्या डबे गेले. थोड्याच दिवसांत पत्र्याचा रंग लालसर, ओलसर दिसायला लागला. मी दारावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि सावकाश भरून आला. जुना रंग तेलाने फुगतो, असं मी स्वतःला समजावलं आणि बोट पँटला पुसलं. दिवसभर पुसतच होतो.

तळ कापायचं काम माझं. ग्राइंडर लावला तर ठिणग्या उडाल्याच नाहीत. केस जळल्याचा वास सुटला आणि कापलेल्या कडेतून तपकिरी, कोमट पाणी ठिबकायला लागलं. त्याचा एक थेंब माझ्या ओठावर उडाला. मी त्याच्या गॅरेजच्या मागे जाऊन भडाभडा ओकलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर कापलेल्या कडा जाडजूड झाल्या होत्या. पांढरट, मऊ, एकमेकींकडे वळलेल्या. त्यांच्यावर बारीक लव होती. किळस आली मला. इतकी किळस मला कधी मेलेल्या जनावराचीही आली नाही.

"बरंच झालं की," रॉइस म्हणाला. "तुझं वेल्डिंग वाचलं."

मग त्याची बायको लोर्ना माझ्याकडे आली. तो जेवण गाडीत बसूनच करतो, झोपायलाही घरात येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"भाऊजी, त्याला त्या गाडीतून बाहेर काढा," ती म्हणाली. "मला जवळ घेतो ना, तर माझ्या अंगाला गंज लागतो. धुतला तरी जात नाही. मला माझा नवरा परत पाहिजे."

मी तिला शब्द दिला. रॉइसशी भांडलो, बोलणं टाकायची धमकी दिली. शेवटी ठरलं की एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर गाडी एकदा जीव तोडून पळवायची आणि मग विकून टाकायची. तो इतक्या पटकन कबूल झाला की मलाच बरं वाटलं नाही.

तिथे शर्यती भरतात तो दिवस मुद्दाम टाळला. असली पाझरणारी गाडी तपासणीवाल्यांनी शर्यतीत उभी करू दिली नसती. टळटळीत दुपार, पांढरी जमीन, आम्ही तिघंच. रॉइस आत बसला आणि गाडी सुसाट गेली. धुळीचा लोट दिसेनासा झाला, मग गाडी वळून परत आली. तिच्यावर धुळीचा कणही बसला नव्हता.

इंजिन बंद झालं. रॉइस उतरला नाही.

लोर्नाने दोनदा हाक मारली. तो आमच्याकडे बघून हसला, लहानपणी चूक लपवताना हसायचा तसा.

मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं. तो हलला नाही. मग पाठीमागे हात सारला. त्याची पाठ आणि सीट यांच्यामध्ये बोट घालायलाही फट नव्हती. सगळं गरम आणि बुळबुळीत. मी हात झटकला. माझ्याच भावाची मला शिसारी आली, खोटं का बोलू?

लोर्ना म्हणाली, "कापा."

गॅस कटर माझ्या ट्रकमध्येच होता. रॉइसला जराही झळ लागू नये म्हणून मी पार मागे गेलो. गाडीच्या शेपटाकडे, दिव्याच्या वरच्या पत्र्यावर खडू टेकवला आणि कापायची रेघ ओढायला लागलो.

"तिथे नको, दादा," रॉइस पुढे बघतच म्हणाला. "तिथे दुखतं."