बोद्वाँची वाट

ए डेक्स्टर, दिवा जरा बारीक कर. तुझं तोंड दिसलं की मला गोष्ट विसरायला होतं.

माझा साडू, एल्विन टिबेट्स. गाव बोडन. लिहायचं बाउडोइन, म्हणायचं बोडन. पाटी वाचून कुणी ‘बाउडोइन’ म्हणाला की तो परका, आणि परक्याला एल्विन हटकून भलत्याच रस्त्याला लावायचा. चेला कुणाचा? माझाच.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सात. घरात बीन्स शिजत होत्या, आणि व्हर्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला पाव आणायला पिटाळलं होतं. परतताना फाट्यावर, गाडीच्या उजेडात, एक म्हातारा. बर्फात उभा, टोपी नाही. गावात घरफोड्या चालू होत्या. एल्विनने काच बोटभर खाली केली.

“बोद्वाँ कुठे आलं?”

बोडन नाही, बाउडोइनही नाही. हे तिसरंच, जुनं फ्रेंच वळणाचं.

“कुणाकडे जायचंय?”

“टेकडीवरच्या घरी.”

टेकडीवर घर एकच, एल्विनचं. आत व्हर्ना एकटी.

एल्विनने गिरणीच्या तळ्याकडे बोट केलं. “असे सरळ खाली उतरा, काका. थेट दारात पोचाल.”

“हो,” म्हातारा म्हणाला. “पूर्वी तीच वाट होती.”

एल्विन गालात हसला. पण थोडं पुढे जाताच ते हसू जिरलं. तळ्यावर बर्फाची नुसती साय धरली होती, मांजरसुद्धा बुडालं असतं. चोर झाला म्हणून काय... त्याने गाडी वळवली.

काठावर टॉर्च मारली. पावलं सायीवरून सरळ पलीकडे गेलेली. साय कुठेच फुटलेली नाही.

तेव्हा त्याला आठवलं. आजोबा सांगायचे, गिरणीचा बांध घातला आणि टेकडीचा जुना रस्ता तळ्याखाली गेला.

एल्विन गाडीकडे धावला, आणि थेट घरी.

दाराला आतून कडी. ठोठावलं. व्हर्नाने उघडलं आणि बघतच राहिली.

“तू बाहेर कसा? मघाशी वर गेलास ना? चिखलाचे बूट घालून गेलास म्हणून ओरडले मी. कडीही मीच लावली.”

“मी...?”

तिने वळून जिन्याकडे पाहिलं.

जिन्यावर ओली पावलं. वर जाणारी. फक्त वर.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकी आतून बंद.

एल्विनच्या उशीवर खोलगट खळगा... आणि त्यात तळ्यातलं शेवाळ.

उशीतून थेंब अजून गळत होते.