आमच्यातली नाही

रोईच्या गाडीत त्या दिवशी पहिलं भांडण झालं ते वासावरून. एल्स्पा सकाळच्या बोटीनं दक्षिणेच्या बेटावरून राजधानीत, तोर्शहाव्नला उतरली, तेव्हा तिच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेंढीची अख्खी तंगडी होती. सबंध हिवाळा वाऱ्यावर टांगून सुकवलेली, वरून हिरवट बुरशी धरलेली, तिच्या मावशीच्या हातची. आमच्याकडे ह्या मांसासाठी लोक जीव टाकतात, पण ते पानात पडल्यावर. बंद गाडीत कुणाच्या तरी मांडीवर ते ठेवून डोंगर ओलांडायचे म्हणजे शिक्षाच.

"अगं, आपण गाणी ऐकायला चाललोय की बारशाला?" रोईनं काच खाली करत विचारलं.

"रिकाम्या हातानं कुणाच्या गावात जायचं नसतं," एल्स्पा म्हणाली. "ब्रांडुरला देणार आहे मी. स्वतःच्या हातानं."

पुढच्या सीटवरून बार्बानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे फिरवले. एल्स्पाच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं तंगडी जरा दाराकडे सरकवली.

ब्रांडुर म्हणजे स्कार्वुर ह्या बँडचा गायक. आम्ही चौघं एका गावचे, एका शाळेतले, आणि स्कार्वुरची गाणी आम्ही पाठ केली ती एल्स्पाच्या माळ्यावर. पहिली तबकडी तिनं विकत घेतली होती, मासळीच्या कारखान्यात सुट्टीत राबून. पुढे आम्ही तिघं राजधानीत आलो. रोई आणि बार्बा नोकरीला लागले, मी इस्पितळात एक्स-रे काढते. एल्स्पा त्याच कारखान्यात मासे कापत राहिली. तरी दर उन्हाळ्यात स्कार्वुर आपल्या गावी, हाम्राविकला, होड्यांच्या शेडमध्ये वाजवतात, तो कार्यक्रम चौघांनी मिळून बघायचा असं आमचं लहानपणापासून ठरलेलं होतं. यंदा तिकिटं मिळाली ती माझ्यामुळं. हिवाळ्यात ब्रांडुर मनगट मोडून आला होता, त्याचा एक्स-रे मीच काढला होता. ही गोष्ट मी त्या दोघांना इतक्या वेळा सांगितली होती, की रोई मला 'मनगटवाली' म्हणायला लागला होता.

आमच्या बेटांवर अनोळखी पोरीला नाव विचारत नाहीत. "कुणाची गं तू?" असं विचारतात. आईबापांचं नाव सांगितलं की विचारणारा तुम्हाला मनातल्या मनात जागेवर ठेवतो आणि बोलणं पुढं सरकतं. एल्स्पाकडे सांगायला काही नव्हतं. आई लवकर गेली, बापाचं नाव आईनं कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं की तिचं तोंड मिटायचं आणि ती माझ्याकडे बघायची. मग मी म्हणायचे, "आमची आहे." तेवढं पुरायचं. आम्ही मोठ्या झालो तरी ही पद्धत मोडली नव्हती. खरं सांगायचं तर अलीकडे मला तिचा कंटाळा यायला लागला होता.

हाम्राविकला जायचा बोगदा जुना आहे. एका गाडीपुरता, आत दिवा नाही. समोरून उजेड आला की बाजूच्या खोबणीत शिरून थांबायचं. अर्ध्या वाटेवर आम्हाला उजेड दिसला. रोई खोबणीत शिरला. उजेड थोडा जवळ आला आणि थांबला. आम्हीही थांबून राहिलो. छतातून टपावर पाणी ठिबकत होतं.

"ये की रे बाबा," रोई पुटपुटला.

बऱ्याच वेळानं तो उजेड राहिला नाही. विझताना कुणी पाहिला नाही. आम्ही निघालो, बाहेर पडेपर्यंत एकही गाडी भेटली नाही.

"मागं फिरला असेल," बार्बा म्हणाली. त्या बोगद्यात गाडी मागं फिरत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"आपली वाट बघत असतील," एल्स्पा म्हणाली आणि एकटीच हसली.

गाव म्हणजे उतारावर डांबर फासलेली काळी घरं, गवताची छपरं, खाली खाडी. शेडबाहेर टेबलं मांडली होती. राजधानीतली बरीच मंडळी आली होती, काळे चष्मे लावून, हातात फोन धरून. रोई आणि बार्बा कॉफीच्या रांगेत गेले. तेवढ्यात ब्रांडुर शेडमधून बाहेर आला, मला पाहून थांबला आणि त्यानं हात वर करून मनगट हलवलं.

"एक्स-रेवाली! आलीस का?"

आजूबाजूचे माझ्याकडे बघायला लागले. मी किती फुगले होते ते आठवलं की आजही कसंतरी होतं.

मी काही बोलणार, तोच एल्स्पा मला ओलांडून पुढं गेली. तिनं कागद फाडला आणि तंगडी दोन्ही हातांनी पुढं केली.

"मावशीनं टांगलीय," ती म्हणाली. "तुमच्या गाण्यांवर जगलेय हो मी." आणि रडायलाच लागली. नाक वाहतंय, केस तोंडावर आलेत, हाताला बुरशी लागलीय.

"अरे, मागणी घालायला आली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा उठला. फोन वर झाले. ब्रांडुरनं तंगडी घेतली खरी, पण दुसऱ्याचं ओलं मूल घ्यावं तशी.

"तुझ्याबरोबरची का ही?" त्यानं मला विचारलं.

त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारातून त्याची आजी आली. ठेंगणी, हातावर पिठाचे डाग. ती सरळ एल्स्पापुढं उभी राहिली.

"कुणाची गं तू?"

एल्स्पाचं तोंड मिटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

सगळेच माझ्याकडे बघत होते, ब्रांडुरही.

"कोण जाणे," मी म्हणाले. "आमच्यातली नाही."

आणि मी हसले. ते हसायचं काही कारण नव्हतं.

म्हातारी माझ्याकडे वळली. चिडली नव्हती. "नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की."

"मग आमची," म्हातारी म्हणाली. तिनं नातवाच्या हातातली तंगडी काखेत मारली, एल्स्पाचा हात धरला आणि दोघी चढावरच्या काळ्या घराकडे गेल्या. एल्स्पानं वळून पाहिलं नाही. रोई कॉफीचे तीन पेले घेऊन आला, आणि चौथा का नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

कार्यक्रमात मी गाणी ऐकलीच नाहीत. एल्स्पा येईल, रागावलेली असेल, परतीच्या वाटेवर मी माफी मागेन, असं सगळं मनात जुळवत होते. शेडच्या लाकडाला डांबराचा आणि मिठाचा वास होता. पायाखालच्या फळ्या ढोलाबरोबर थरथरत होत्या. दोन गाण्यांच्या मध्ये ब्रांडुर माईकजवळ आला.

"तंगडी कापलीय बरं का वरती. आमच्या एल्स्पानं टांगलेली आहे, चाखल्याशिवाय कुणी जायचं नाही!"

गावकरी ओरडले, शिट्ट्या झाल्या. आपल्यातल्या माणसाचं नाव घेतल्यावर होतात तशा.

"ही एल्स्पा कोण गं?" बार्बानं माझ्या कानाशी विचारलं.

"पुरे आता," मी म्हणाले. "चुकले मी. टोमणे नकोत."

"कसले टोमणे?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, कुणीतरी तिला सगळं सांगितलं असणार आणि ती मला सतावतेय. पण तिचा चेहरा अगदी मोकळा होता, आणि पुढचं गाणं सुरू झाल्याबरोबर ती नाचायला लागली.

कार्यक्रम संपला तेव्हा खाडीवरून धुकं चढलं होतं. रोई गाडीशी किल्ल्या वाजवत उभा होता.

"एल्स्पाला घेऊन येते," मी म्हणाले.

"कुणाला?"

"रोई, प्लीज."

"अगं, कुणाला?" तो हसला. "आलो तिघं, जाणार तिघं. आणखी कुणाला न्यायचंय का तुला? ब्रांडुरला?"

मी मागचं दार उघडलं आणि वाकून सीट हुंगली. दोन तास तंगडी होती तिथं. रोईच्या तंबाखूचा वास आला, ओल्या गालिच्याचा आला. बाकी काही नव्हतं.

मी चढ चढून वर गेले. दार उघडंच होतं. बुटक्या छताची खोली माणसांनी भरली होती, मधल्या टेबलावर मांसाचे पातळ काप मांडलेले. दाराशेजारच्या भिंतीवर फोटो होते. त्यातला एक एल्स्पाचा, पोरं मोठी झाली की चर्चमध्ये त्यांचं नाव पक्कं करतात त्या दिवसाचा, लाल पट्ट्यांच्या झग्यातला. तो दिवस मला पाठ आहे. तेव्हा काढलेल्या फोटोत तिच्या डाव्या बाजूला मी होते, माझा झगा उसना होता, टोचत होता. ह्या फोटोत तिच्या डाव्या बाजूला ब्रांडुर होता, गालफुग्या, शाळकरी. मागच्या खिडकीतून ही खाडी दिसत होती.

एक्स-रे काढणारी बाई मी. दिसतं ते आहे, असं धरून चालायची माझी सवय.

एल्स्पा आतून बटाट्यांचं भांडं घेऊन आली. केस नीट बांधलेले.

"या ना, दारात का उभ्या?" ती म्हणाली. "दक्षिणेकडच्या ना तुम्ही? बोलताना ऐकलं मघाशी."

तिच्या बोलण्याला उत्तरेचा हेल होता. मला ती 'तुम्ही' म्हणत होती.

"एल्स्पा, चल. बोट चुकेल तुझी."

"कुठली बोट?"

"मावशी वाट बघत असेल गं."

ती थांबली. तिचं तोंड मिटलं, अगदी तसंच, आणि ती मान वळवायला लागली. क्षणभर मला वाटलं, ती माझ्याकडे बघणार. तिनं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ती आमची आहे!" मी ओरडले.

कुणी रागावलं नाही. पाहुण्याला दारू चढली की बघावं तसे सगळे नम्रपणे टेबलाकडे बघू लागले.

"आमची आहे ती," मी पुन्हा म्हणाले. "मी खोटं बोलले मघाशी. आमची आहे."

कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारलं, "एल्स्पा, कुणाची गं ही?"

एल्स्पा माझ्याकडे नीट बघत राहिली. खूप वेळ. तिनं खरंच आठवून पाहिलं असावं.

"कोण जाणे," ती म्हणाली. "आमच्यातली नाही."

ती हसली नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात मागून रोईचा आवाज आला. तो धापा टाकत चढून आला होता. त्यानं खोलीवर एक नजर फिरवली, माझं तोंड पाहिलं आणि टोपी काढली.

"माफ करा हं," तो म्हणाला. "आमची आहे ही. आमच्याबरोबरची. चल गं मार्युन."

एवढंच. किती सोपं होतं ते. इतक्या लोकांसमोर, मी अशी वेड्यासारखी उभी असताना, त्याला ते म्हणायला एक क्षण लागला नाही.

गाडीत मी मागं एकटी बसले. बार्बानं तिचा कोट माझ्या गुडघ्यांवर टाकला. बोगद्यात ह्या खेपेला समोरून कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर सुट्टी टाकून बोटीनं गावी गेले. एल्स्पाच्या मावशीला, सुन्वाला, काय सांगायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं, दहा वेळा मोडलं. ती खिडकीशी विणत बसली होती.

"ये गं मार्युन. किती दिवसांनी! आई बरी आहे ना?"

"मावशी, एल्स्पा..."

"कोण एल्स्पा?" ती म्हणाली. "बस ना. कॉफी ठेवते."

मी जिना चढून माळ्यावर गेले. लोकरीची पोती रचली होती तिथं, पार छपरापर्यंत, धूळ बसलेली. खाली आले. आता सांगून टाकावं असं वाटलं. काय सांगणार होते पण? तुझी भाची होती, तिची मला लाज वाटली, असं? मी तिच्यासमोर खाली मान घालून बसले आणि तोंडाला आलं ते विचारलं.

"कुणासाठी विणतेयस?"

सुन्वा थबकली. सुयांवर निळ्या लोकरीची बाही होती, मनगटापर्यंत आलेली.

"तेच तर कळत नाही बघ," ती म्हणाली. "एकटा जीव माझा. पण माप हातात बसलंय. दर उन्हाळ्यात एक स्वेटर होतो, नि मग मी दुकानात देऊन टाकते." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "उभी राहा बरं जरा."

मी उभी राहिले. तिनं बाही माझ्या खांद्याला लावली आणि हातावरून खाली सोडली. लोकर माझ्या बोटांच्याही पुढं गेली.

"नाही," ती म्हणाली. "तुझी नव्हे." आणि खाली बसून पुढचा फेर घेतला.