कॅल्विनचं मशीन

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी नेटवर्किंगमध्ये काम करतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण हे माझ्याच घरात घडतंय. गोडदेवला, गेल्या नोव्हेंबरापासून... आणि तेही ऐन दिवेलागणीला.

कॅल्विन माझा दोस्त, उत्तनचा. त्याच्या घरी एक जुना कॉम्प्युटर कायम चालू असायचा. जगात कुणालाही ओळख लपवून नेट वापरता यावं म्हणून काही लोक फुकटात असे कॉम्प्युटर चालवतात. त्याला रिले म्हणतात. अनोळखी माणसांचा डेटा इकडून आला, तिकडे ढकलला. कोण पाठवतंय, काय पाठवतंय, ते चालवणाऱ्यालाही दिसत नाही. दिसतो फक्त आलेख, किती डेटा गेला त्याचा.

पावसाळ्यात बाइक घसरून कॅल्विन गेला. त्याची आई मॅबेल आंटी म्हणाली, मशीन तू घेऊन जा. आणलं. सगळं पुसून रिले नव्याने बसवला. कॅल्विनचं त्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

तरी पहिल्याच संध्याकाळी आलेख धाडकन पडला...

अर्धा तास सगळी वर्दळ गायब.

आणि तेवढाच वेळ घरचं नेटही बंद. मग हे रोजचंच झालं.

नेमकी तीच माझ्या बायकोच्या, स्वातीच्या ऑनलाइन ट्यूशनची वेळ. नोकरी गेल्यावर तिने जीव ओतून तो क्लास उभा केला होता. दोन पालकांनी कंटाळून दुसरा क्लास धरला.

मी राउटर बदलला. वायर बदलली. नेटवाल्या साहिलला बोलावून बोलावून थकलो. तो दर वेळी तेच, "सर, हमारी तरफ से सब ओके है." अरे, ओके आहे तर बंद का पडतंय? डोक्याची नुसती मंडई झाली होती.

शेवटी एका संध्याकाळी इरेला पेटून आलेखासमोरच बसलो. जवळून बघितलं... पूर्ण बंद नव्हतं. काहीतरी जात होतं.

दहा बारीक उंचवटे. मग थोडं थांबून एक वेगळा.

पुन्हा दहा. पुन्हा एक.

लोकांचा डेटा असा नसतो हो, वेडावाकडा असतो. हे कुणीतरी मोजून पाठवत होतं...

स्वाती मागे उभी होती. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

"तुझा दोस्त गेला, मलाही वाईट वाटतं. पण त्याच्यापायी माझा क्लासपण घालवू का?"

खरंच होतं तिचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्लग काढला. संध्याकाळी क्लास एकदम मख्खन झाला. म्हटलं, सुटलो बाबा एकदाचा.

क्लास संपतो न संपतो तोच मॅबेल आंटीचा फोन.

"मशीन बंद केलंस काय रं?"

मी चाट पडलो. हिला कुणी सांगितलं?

आंटी रडत होती. तिच्याकडे रोज दिवेलागणीला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात, मुलगी जॉय कुवेतहून फोनवर असते. तो कॉल तुटू नये म्हणून कॅल्विन तेवढा वेळ रिलेचा वेग कमी करून ठेवायचा. मला हे आजच कळत होतं.

"तू मशीन नेल्यापासून कॉलवर अजून एक आवाज येतो," ती म्हणाली. "आमच्यासंगं म्हणतो. जॉयलापण ऐकू येतो. आज आला न्हाय."

आंटी उत्तनला, मशीन माझ्या घरात. दोन्हींचा काही संबंधच नाही. विचारलं, आंटी, रोझरीत काय म्हणतात?

"दहा वेळा नमो मरिया. मंग थांबून एकदा, आमच्या बापा."

मी तेव्हाच जाऊन मशीन लावलं.

स्वातीने क्लासची वेळ बदलली. आणखी काही मुलं सुटली. फोन तिनेही ऐकला होता. मी मनाची समजूत घालत होतो, तिकडे प्रार्थना चालते, इकडे काहीतरी उमटत असेल.

पण गेल्या आठवड्यात आंटी तापाने फणफणली. रोझरी झालीच नाही. कॉलही नाही.

मी आलेख उघडला...

दहा. मग एक.

कोण पाठवतंय, ते बघायची सोय या नेटवर्कमध्ये नाही. मुद्दामच ठेवलेली नाही. स्वाती रोज विचारते, अजून किती दिवस हे? तुम्हीच सांगा, मी प्लग कसा काढू?