बंद पापणीच्या आत

खटपट्याने पेचकस काढला आणि वल्लरी किंचाळलीच.

खटपट्या हा तिच्या घरचा दुरुस्ती करणारा यंत्रमानव. पंखा, पंप, शेजाऱ्यांच्या उडत्या सायकली, सगळं तो दुरुस्त करायचा, न बिघडलेलंसुद्धा! आज त्याची नजर सुंद्री मांजरीच्या टोपलीत गेली होती. तीन पिल्लांपैकी दोघांचे डोळे उघडले होते. तिसऱ्याचे, ढेरपोट्या भोंडूचे, मात्र मिटलेलेच. वर त्याची उजवी पापणी द्राक्षासारखी टम्म फुगलेली. असं का बरं?

"दोन झाकणे सुरळीत. एक जाम," खटपट्या म्हणाला. "थोडे तेल, थोडा जोर."

"लोणच्याची बरणी आहे का ती!" वल्लरी त्याच्या हातालाच लोंबकळली. "आई, धाव गं!"

आई धावत आली. भोंडूच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळट पू दिसत होता.

"मग आजोबांचे डोळ्यांचे थेंब..." खटपट्याने दुसरा उपाय काढला.

"माणसाचं औषध मांजराला? हात मागे घे!" आई कडाडली. "वल्लरी, टोपली उचल. आत्ताच निघायचं."

सुंद्रीसकट सगळी वरात उडत्या रिक्षातून प्राण्यांच्या डॉक्टर तस्नीम मुजावर यांच्याकडे पोचली. त्यांनी पापणीवरून ध्वनिदर्शक (आवाजाच्या लहरींनी आतलं चित्र काढणारं यंत्र) फिरवला.

"पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे कच्चे असतात," त्या वल्लरीला म्हणाल्या. "म्हणून पापण्या चिकटलेल्या. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या आपसूक उघडतात. घरी ओढायच्या नाहीत."

"पण जंतू आधीच आत शिरले तर?"

"शाब्बास! तेच झालंय. पू होतो, पण बाहेर यायला वाट नसते. साचलेल्या पुवाने पारपटल (बुबुळापुढची पारदर्शक काच) खराब होतं. उशीर झाला तर डोळाच जातो."

डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या कापसाने पापणी भिजवून अलगद उघडली. पू बाहेर आला. तो पाहताच खटपट्याने स्वतःचं बटण बंद केलं आणि धाडकन आडवा झाला.

"त्याला राहू दे," डॉक्टर म्हणाल्या. "आधी या दोघांनाही तपासू, हा संसर्ग भावंडांत पसरतो. आणि ऐक. कोपऱ्यात नुसतं थोडं चिपाड वाळलं, तर कोमट ओल्या कापसाने पूस, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. पण पापणी सुजली, पू आला, डोळ्यावर ढग दिसला किंवा पिल्लू दूध पिईना, की तडक इकडे यायचं."

डॉक्टरांनी दिलेलं औषध वल्लरीने न चुकता घातलं. भोंडूने न चुकता तिला ओरबाडलं. पुढे दोन्ही डोळे उघडले. पण उजव्यावर धूसर सावली होती. त्याला दिसतं की नाही, कोणालाच कळेना.

पिल्लं दुडूदुडू धावू लागली तेव्हा पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी भोंडूचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्यापुढे कापसाचा बोळा हलवला. वल्लरीने श्वास रोखला. भोंडूची मान बोळ्यामागे वळली... आणि त्याने झेप घेतली, ती थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर!

"नेम चुकला," खटपट्या म्हणाला.

"नेम काय, शिकेल तो," चष्मा सावरत डॉक्टर हसल्या. "नजर शाबूत आहे!"