आईच्या शेवटच्या पेशी

आई जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी तिच्या थोड्याशा पेशी अजून जिवंत होत्या. आबांच्या प्रयोगशाळेत, बोटाएवढ्या एका कुपीत त्या गोठवून ठेवल्या होत्या. ऋजुताला याचं नवल वाटायचं आणि त्या पेशींचा रागही यायचा. त्या होत्या नैसर्गिक मारक पेशी (रोगट पेशी हेरून त्यांना ठार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी). एवढ्या शूर, मग आईचा कर्करोग समोर असताना हातावर हात धरून का बसल्या?

आबा म्हणजे आईचे वडील. लेक केतकी गेल्यापासून ते मोजकंच बोलत. आज मात्र त्यांनी यंत्रमानव बंडूला कुपी आणायला सांगितली आणि नातीला जवळ बसवलं.

"भित्र्या नव्हत्या गं त्या. त्यांच्या अंगावर ग्राही असतात (समोरच्या पेशीवरची खूण ओळखणारे रेणू). त्यातले काही म्हणजे ब्रेकच. 'मी घरचीच' अशी खूण दिसली की ब्रेक लागतो. कर्करोगाच्या पेशींनी नेमकी तीच खूण अंगभर मिरवली."

"मग सगळे ब्रेक काढून टाका ना!"

बंडूनं पडद्यावर तसं करून दाखवलं. चित्रातल्या मारक पेशी चवताळल्या आणि धडधाकट पेशींवरही तुटून पडल्या. ऋजुतानं मान फिरवली.

"म्हणून एकाच ब्रेकवर झाकण घालायचं," आबा म्हणाले. "त्यासाठी हे नवं प्रतिपिंड (ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन). ते चालतं का, हे केतकीच्याच पेशी सांगतील. पण कुपी ही शेवटची. वितळवली की चार दिवसांत सगळं संपेल. तू नको म्हणालीस, तर मी हात लावणार नाही."

ऋजुताला रडू फुटलं. आता आईचं जिवंत असं काहीच उरणार नव्हतं.

"आईला काही होईल का यानं?"

"नाही बाळा. आईला आता काहीच होत नाही."

तिनं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "वितळवा."

सूक्ष्मदर्शकाखाली मारक पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशीला जाऊन भिडली आणि पूर्वीसारखीच थबकली. आबांनी नव्या प्रतिपिंडाचा थेंब सोडला. थोड्या वेळानं मारक पेशीनं आपली विषारी प्रथिनं ओतली आणि समोरची पेशी फुगून फुटली.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. आबा चष्मा काढून डोळे पुसत राहिले. "अजून पुष्कळ तपासण्या करायच्यात," ते म्हणाले. "मग कुणा आजारी बाईला हे देता येईल."

"तिला मुलं असतील, तर त्यांना सांगाल?" ऋजुता म्हणाली. "की घाबरू नका, माझ्या आईनं आधी करून बघितलंय."